जागा आहे, तरी जागा नाही: स्वतःच्या मशीनवरचं जेनकिन्स

डिस्कवर २० जीबीच्या वर जागा मोकळी. जेनकिन्सच्या नोड्सच्या पानावर एजंट, म्हणजे प्रत्यक्ष बिल्ड चालवणारा प्रोग्राम, व्यवस्थित ऑनलाइन. आणि बिल्ड (कोडमधून सॉफ्टवेअर बनवायची एकेक फेरी) मात्र एकामागून एक 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस' म्हणून पडतायत. अख्खा पावसाळा अंधेरीच्या ऑफिसात जेनकिन्स, म्हणजे कोड बदलला की तो आपोआप बांधून तपासणारं सॉफ्टवेअर, चालवल्यावर माझी सगळ्यात मोठी तक्रार हीच आहे, त्यामुळे बाकीच्या गोष्टी थोडक्यात आटोपतो.

मशीन लॅमिंग्टन रोडवरून घेतलेला जुना ऑफिस पीसी: १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, उबुंटू. सरासरी ४० वॅट धरले तरी महिन्याला २९ युनिटच्या आसपास वीज जाते, मिनिटांवर पैसे मोजणाऱ्या क्लाउडपेक्षा हे आम्हाला कितीतरी परवडतं. बिल्ट-इन नोडचे, म्हणजे जेनकिन्सच्या मुख्य भागाचे (कंट्रोलरचे), एक्झिक्युटर (एकावेळी किती बिल्ड चालतील त्या जागा) मुळात २ असतात, ते ० करून एजंट वेगळ्या युजरखाली चालवलाय. हे करायलाच हवं. नाहीतर कोणाच्याही ब्रांचमधली (कोडच्या वेगळ्या शाखेतली) स्क्रिप्ट कंट्रोलरच्याच युजरने चालते आणि पासवर्ड उलगडायच्या किल्ल्या ठेवलेलं सिक्रेट्सचं फोल्डर तिच्यासमोर उघडं पडतं. एजंटच्या वर्कस्पेसला (बिल्ड ज्या फोल्डरमध्ये चालतो) ६० जीबीचं एक्स्ट-४ या लिनक्सच्या फाइल सिस्टिमचं पार्टिशन दिलंय.

आता मुख्य दुखणं. एक्स्ट-४ फॉरमॅट करतानाच आयनोड (प्रत्येक फाइल-फोल्डरमागे लागणारी एक नोंद) मोजून ठेवतं, साधारण दर १६ केबीमागे एक. म्हणजे ६० जीबीत ३९ लाखांच्या आसपास फाइल आणि फोल्डर, त्यापुढे एकही नाही. मल्टिब्रांच पाइपलाइनमध्ये (दर ब्रांचसाठी बिल्डच्या पायऱ्या चालवणाऱ्या जॉबमध्ये) प्रत्येक ब्रांचला स्वतंत्र वर्कस्पेस मिळते. एकाच ब्रांचचे दोन बिल्ड एकदम चालले की शेजारी '@२' शेपटीचं आणखी एक फोल्डर उभं राहतं. प्रत्येकात नोड-मॉड्यूल्स (जावास्क्रिप्ट लायब्रऱ्यांचं फोल्डर), त्यात हजारो बारक्या फाइल. मर्ज होऊन गेलेल्या पण कोणी न काढलेल्या ब्रांच तशाच पडून असतात. जीबी संपायच्या कितीतरी आधी आयनोड संपतात. मोकळी जागा सांगणारी 'डीएफ -एच' कमांड सगळं ठीक दाखवतं, आयनोड मोजणारी 'डीएफ -आय' १०० टक्के.

जेनकिन्सचा मॉनिटर बघतो ते फक्त मोकळे बाइट. १ जीबीच्या खाली गेलं की नोड ऑफलाइन करतो, आयनोडकडे ढुंकूनही पाहत नाही. इतकी वर्षं जुनं, इतक्या ठिकाणी चालणारं सॉफ्टवेअर, आणि दुसरा आकडा त्याच पानावर दाखवत नाही, हे मला अजिबात पटत नाही.

उपाय स्वस्त आहेत. पाइपलाइनच्या 'पोस्ट' भागात 'ऑलवेज'खाली (बिल्ड पास होवो की फेल, शेवटी चालतंच) वर्कस्पेस क्लीनअप प्लगिनची 'क्लीन-डब्ल्यूएस' पायरी टाका, ती वर्कस्पेस पुसते. बिल्ड मंदावेल ही भीती बरेच जण घालतात, पण लायब्रऱ्या बसवणारी 'एनपीएम सीआय' कमांड जुनं नोड-मॉड्यूल्स आधी पुसूनच नवं टाकतं. ते जपून ठेवून वाचत काहीच नाही. वेळ वाचवतो तो एनपीएमचा कॅशे, आणि तो एजंट युजरच्या होममध्ये असतो, वर्कस्पेसमध्ये नाही. जोडीला 'डिसेबल कॉन्करंट बिल्ड्स' (एका ब्रांचचा एकावेळी एकच बिल्ड) लावा, '@२' येणं बंद होतं. पार्टिशन नव्याने करणार असाल तर एक्सएफएस ही फाइल सिस्टिम घ्या, ते आयनोड लागतील तसे बनवतं. एक्स्ट-४च हवं असेल तर फॉरमॅट करताना '-आय ८१९२' द्या, आयनोडचा आकडा दुप्पट होतो. शिवाय तासाला एकदा आयनोडची टक्केवारी तपासणारा छोटा जॉब ठेवा आणि ८०लाच तो फेल करा. १००ची वाट पाहिलीत तर त्या जॉबलाही वर्कस्पेस बनवता येणार नाही.

कंट्रोलरच्या बाजूलाही असाच एक खड्डा आहे. 'शेवटचे १० बिल्ड ठेवा' ही मर्यादा मल्टिब्रांचमध्ये दर ब्रांचला लागते. ४० ब्रांच म्हणजे ४०० बिल्ड, आर्टिफॅक्टसकट (बिल्डमधून तयार झालेल्या फाइलींसकट). आणि ही मर्यादा जेनकिन्सफाइलमध्ये (पाइपलाइनच्या पायऱ्या लिहिलेल्या फाइलमध्ये) लिहिली असेल तर ती त्या ब्रांचचा पुढचा बिल्ड झाल्यावरच लागू होते, बंद पडलेल्या ब्रांचला कधीच नाही. त्यासाठी सिस्टिम सेटिंगमधल्या ग्लोबल बिल्ड डिस्कार्डर्समध्ये (जुने बिल्ड काढून टाकायच्या सेटिंगमध्ये) वेगळा नियम घाला.

सुरुवातीला प्लगिनच्या अपडेटना मी सगळ्यात जास्त नावं ठेवत होतो. ते मत आता बदललंय. एलटीएस (दीर्घकाळ सपोर्टच्या) आवृत्तीवर राहिलं, अपडेटच्या आधी जेनकिन्सचं होम फोल्डर कॉपी केलं, तर त्रास जवळपास नाही. कॉपीत सिक्रेट्सचं फोल्डर हवंच, त्याच्याशिवाय साठवलेले पासवर्ड उलगडत नाहीत.

उरला यूपीएस. पावसात बिल्डिंगचा मेन ट्रिप होतो आणि बायोसमध्ये 'एसी पॉवर लॉस'नंतर 'पॉवर ऑन' केलेलं नसेल तर सकाळपर्यंत मशीन बंद. दुकानदाराने "यूएसबीवाला आहे" सांगून जो ६०० व्हीएचा यूपीएस गळ्यात मारला, त्याचं पोर्ट फक्त मोबाइल चार्जिंगचं निघालं. बदलून द्यायला त्याने साफ नकार दिला. चार्जिंगच्या पोर्टवरून बॅटरी उतरल्याची खबर मशीनला मिळत नाही, म्हणून ते नीट शटडाउन होत नाही, सरळ बंद पडतं. घेताना लिनक्सचा लॅपटॉप सोबत न्या, केबल लावा आणि जोडलेली यूएसबी उपकरणं दाखवणाऱ्या 'एलएसयूएसबी' कमांडमध्ये नवीन ओळ दिसली तरच पैसे द्या.