इलेक्ट्रो-हार्मोनिक्स सोल फूड: ड्राइव्ह कमी, व्हॉल्यूम जास्त

सोल फूड हे गिटार आणि अँप यांच्यामध्ये लावायचं ओव्हरड्राइव्ह पेडल, म्हणजे आवाज वाढवून तो जरा फाटका करणारा छोटा डबा. पहिले दोन आठवडे त्यात मला काहीच सापडलं नाही. घरी माझ्याकडे दहा वॅटचा ट्रान्झिस्टर अँप आहे. त्यात स्ट्रॅट गिटार जोडली, ड्राइव्ह (आवाज किती फाटावा ते ठरवणारा नॉब) घड्याळातल्या बाराच्या जागी ठेवला, आणि आवाज आला तो पातळ, जरासा किरकिरा. शेजारीच माझा जुना ओव्हरड्राइव्ह, ट्यूब स्क्रीमर टीएस-९, होता. तो दाबला की लगेच सूर भरून यायचा. सेकंड हँड सोल फूडला साडेसहा हजार मोजले होते आणि ते विकून टाकायचं जवळजवळ ठरलं होतं.

मग एका शनिवारी ते ठाण्यात आम्ही तासावर घेतो त्या रिहर्सल रूमला नेलं. तिथे फेंडरचा हॉट रॉड डीलक्स आहे, ४० वॅटचा ट्यूब अँप, म्हणजे ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या नळ्यांवर चालणारा. हळू वाजवलं तर स्वच्छ आणि जोरात स्ट्रोक मारला तर आवाज कडेने फाटायला लागेल, एवढ्यावर तो ठेवला. पेडलचा ड्राइव्ह नऊवर, म्हणजे जेमतेम उघडा. व्हॉल्यूम दोनवर. ट्रेबल बाराच्या किंचित आधी. ई मेजरचा एक कॉर्ड सोडला आणि ड्रमरने काठ्या खाली घेतल्या. "ताई, अँप बदलला का?"

अँप तोच होता. पेडल फक्त त्याला पुढे ढकलत होतं, आणि त्याचं खरं काम तेच आहे. घरच्या छोट्या अँपवर मी पेडलकडूनच सगळं डिस्टॉर्शन, म्हणजे आवाजाचं फाटणं, मागत होते, ही माझी मागणीच चुकीची होती.

सोल फूड ज्याच्यावरून घेतलंय ते पेडल म्हणजे क्लॉन सेंटॉर. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये बिल फिनेगन यांनी ते १९९४ ते २००८च्या दरम्यान जवळपास सगळं स्वतःच्या हातांनी जोडून विकलं, सुमारे ८,००० नग. आतल्या सर्किटवर त्यांनी काळा इपॉक्सी, म्हणजे घट्ट होणारा चिकट पदार्थ, ओतला होता, कुणी नक्कल करू नये म्हणून. लोकांनी तो खरवडून सर्किट उतरवून घेतलंच. उत्पादन थांबल्यावर वापरलेल्या सेंटॉरची किंमत काही हजार डॉलरवर गेली आणि नक्कल करणाऱ्यांची रांग लागली. फिनेगन यांनी नंतर स्वतः काढलेल्या केटीआर या लहान पेडलवर छापलं की या वेडगळ गवगव्याला मी जबाबदार नाही. एवढ्या जीव ओतून बनवलेल्या वस्तूवर तिच्याच निर्मात्याला असं लिहावं लागलं, याचं मला वाईट वाटतं.

मूळ सेंटॉर मी कधी वाजवलेलं नाही, त्यामुळे "हुबेहूब" हा शब्द मी वापरणार नाही. पण त्या सर्किटची कल्पना समजून घेतली की सोल फूड असं का वागतं ते कळतं. अनेक ओव्हरड्राइव्हमध्ये गिटारचा सगळा सिग्नल वाढवून डायोड या छोट्या भागांकडे पाठवतात, डायोड त्याची टोकं कापतात. सेंटॉरमध्ये सिग्नलच्या वाटा होतात. एक वाट कापली जाते, बाकीची स्वच्छच राहते, आणि शेवटी सगळं एकत्र येतं. गेनचा नॉब (सोल फूडवर त्याचंच नाव ड्राइव्ह) दुहेरी आहे: तो फिरवला की कापलेला आवाज वाढतो आणि त्याच वेळी स्वच्छ आवाज मागे सरतो. म्हणून ड्राइव्ह खाली ठेवला की तारेवर नख लागल्याचा आवाजसुद्धा जिवंत राहतो, खर्ज पातळ होत नाही. दुसरी गोष्ट व्होल्टेजची. बाहेरून ९ व्होल्ट घेऊन सेंटॉर आत +१८ आणि −९ तयार करतं, म्हणजे आवाज मोठा झाला तरी पेडलच्या आत त्याला हातपाय पसरायला जागा राहते. व्होल्टेज आत वाढवण्याची युक्ती सोल फूडमध्येही आहे. तेव्हा जास्त मोकळा आवाज मिळेल या आशेने बाहेरून १८ व्होल्टचा अडॅप्टर लावू नका, पेडल जळू शकतं.

आता टीएस-९. हा प्रश्न मला माझे विद्यार्थी सारखा विचारतात, म्हणून इथे जरा थांबते. ट्यूब स्क्रीमरमध्ये साधारण ७२० हर्ट्झच्या खालचा भाग कमी वाढवला जातो. खर्ज मागे राहतो, मधले सूर पुढे येतात. आमच्या बँडमध्ये कीबोर्ड आहे, ढोलकी आहे, बास आहे. या गर्दीत सोलो वाजवायचा तर टीएस-९ अजूनही माझा पहिला आधार आहे, तो सगळ्यांच्या मधून वाट काढतो. मधल्या सुरांचा उभार सोल फूडमध्येही आहे, पण सौम्य. एकटी गिटार आणि गाणारी, एवढंच असेल तेव्हा मात्र टीएस-९ नाकातून गायल्यासारखा वाटतो आणि सोल फूड छातीतून.

म्हणून आता दोन्ही लावते: गिटारमधून आधी टीएस-९, मग सोल फूड, मग अँप. कडव्याला फक्त सोल फूड, सोलोला दोन्ही. उलट क्रमही लावून पाहिला. त्यात सोलोला आवाज वाढतच नव्हता, नुसता घट्ट होत होता.

ट्रेबलच्या नॉबला जपा. दोनच्या पुढे स्ट्रॅटच्या ब्रिज पिकअपवर (तारांचा आवाज उचलणारा, ब्रिजजवळचा भाग) तो माझ्या कानाला टोचतो. हंबकर (दुहेरी गुंडाळीचे, जाड आवाजाचे पिकअप) असलेल्या गिटारवर मात्र हीच जागा कामाची ठरली. आमच्या दुसऱ्या गिटारिस्टची लेस पॉल जोडली तेव्हा ट्रेबल तीनवर नेऊनही आवाज गोड होता. ड्राइव्ह तीनच्या पुढे नेला तर आवाज दाट होतो, पण त्याची ओळख पुसट होते. तसा दाट आवाज हवा असेल तर दुसरं पेडल घ्या.

तळाचं झाकण उघडलं की आत एक छोटा स्विच आहे. ट्रू बायपास (पेडल बंद असताना सिग्नल थेट पुढे जातो) की बफर (बंद असतानाही सिग्नलला बळ मिळतं), ते त्यावर ठरतं. मूळ सेंटॉरमध्ये बफरच होता. माझ्याकडे सहा मीटरच्या दोन केबल आणि मध्ये पाच पेडल आहेत. एवढ्या लांबीत केबलची कपॅसिटन्स, म्हणजे वीज साठवण्याचा तिचा गुण, वरचे सूर खाते, पेडल बंद असतानाही. बफरवर केल्यावर ते सूर परत आले. ज्यांचं एकच पेडल आणि आखूड केबल आहे त्यांना फरक कळणार नाही, त्यांनी स्विचला हात लावू नये.

सुरुवातीला मला एक घरघरही येत होती आणि मी दोष पेडलला देत होते. दोष एकाच वायरने पाच पेडलना वीज देणाऱ्या माझ्या स्वस्त अडॅप्टरचा निघाला. प्रत्येक पेडलला वेगळं, आयसोलेटेड आउटपुट देणारा सप्लाय घेतला आणि घरघर गेली. पेडल घेण्याआधी तो घ्या, अगदी मनापासून सांगते.

नकलेबद्दल माझं मत स्पष्ट आहे. आवाजाची कल्पना पुढे नेणं मला मान्य आहे, गिटारच्या पेडलचा सगळा इतिहास तसाच घडलाय. पण दुसऱ्याचं नाव आणि चेहरा घेणं मान्य नाही. २०२४ मध्ये बेहरिंगर कंपनीने सेंटॉर याच नावाने पेडल काढलं तेव्हा फिनेगन कोर्टात गेले, आणि मला ते पटलं. इलेक्ट्रो-हार्मोनिक्सने निदान स्वतःचं नाव, स्वतःचा डबा, स्वतःची अक्षरं वापरली. न्यूयॉर्कची ही कंपनी १९६८ पासून पेडल बनवते आणि तिच्या बिग मफ या पेडलच्या नकला जगभर झाल्या आहेत, तेव्हा नक्कल होणं काय असतं हे तिलाही माहीत आहे.

कुणी घ्यावं? ज्यांना ट्यूब अँप वाजवायला मिळतो, निदान रिहर्सलला तरी, त्यांनी जरूर. फक्त घरी, हळू आवाजात, छोट्या अँपवर वाजवणाऱ्यांनी आधी एखाद्याकडून आठवडाभर मागून घ्यावं. माझं आता टीएस-९च्या शेजारी वेल्क्रोने चिकटलंय आणि तिन्ही नॉबच्या जागांवर पांढऱ्या पेनाने खुणा केल्या आहेत.