कथासंग्रहासाठी निवड झाल्याचं पत्र आलं असेल, तर सही करण्याआधी हे वाचा

‘तुमची नायिका दारापर्यंत जाते, कडीला हात लावते आणि परत फिरते. तिथे मी वाचन थांबवलं. पुढचं वाचायला मला दोन दिवस लागले.’

पत्राची सुरुवात अशी होती. ते आलं तेव्हा ऑनलाइन लेखनसमूहावर मला ६ वर्षं होत आली होती. नोकरी पूर्ण वेळ, घरची कामं उरकून रात्री उशिरा लेखन. २४ कथा आणि एक क्रमशः दीर्घकथा एवढी माझी शिदोरी. प्रतिसाद यायचे ते बहुतेक ‘आवडली’, ‘छान जमलीये’, ‘पुभाप्र’ (पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत) असे. त्यांचा मला आधार होता, आजही आहे. पण असं वाक्य मला तोवर कोणी लिहिलं नव्हतं. कडीला हात लावण्याचा तो परिच्छेद मी ९ वेळा लिहिला होता. कोणीतरी नेमका तिथेच थांबला, हे वाचून मी रडले.

पत्र एका संपादकाचं होतं. निवडक ऑनलाइन लेखकांचा प्रातिनिधिक कथासंग्रह काढतोय आणि त्यात तुमची ही कथा हवी आहे, असं त्यांनी लिहिलं होतं. समूहावरच्या एक ज्येष्ठ ताई सहसंपादक होत्या. त्यांनी माझ्या पहिल्या कथेपासून शुद्धलेखन तपासून दिलं होतं, संवाद कुठे कृत्रिम वाटतो ते न कंटाळता सांगितलं होतं. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, ‘अगं, कर ना. माणूस मनापासून वाचतो.’ मग शंका घ्यायला जागाच उरली नाही.

सुरुवातीला पैशांचा विषय नव्हता. पंधरा दिवसांनी आला, तोही अगदी छोटा: मुद्रितशोधनाचा वाटा. मग मुखपृष्ठाचा. मग ‘कथेची कायदेशीर नोंदणी’. शेवटी २५ प्रती लेखकाने सवलतीत घ्यायच्या, कारण ‘प्रत्येकाने थोडा भार उचलला तरच असं काम उभं राहतं’. एकेक रक्कम अशी, की नाही म्हणायला संकोच वाटावा. एकूण गेलं ते माझ्या जवळजवळ दोन महिन्यांच्या बचतीएवढं. पहिल्याच दिवशी एवढी रक्कम एकदम मागितली असती, तर मी नक्की थांबले असते.

नोंदणीबद्दल जे सांगितलं गेलं ते सविस्तर लिहिते, कारण नवीन लिहिणारे याच भीतीला बळी पडतात. ‘नोंदणी केली नाही तर कथा कोणीही उचलेल, तुम्हाला काहीच करता येणार नाही,’ असं मला सांगितलं. हे खोटं आहे. लेखक-कलावंतांच्या हक्कांबद्दलच्या १८८६ च्या बर्न या आंतरराष्ट्रीय करारात आज १८० हून जास्त देश आहेत आणि लेखकाचा हक्क कोणत्याही औपचारिकतेवर अवलंबून ठेवायचा नाही, हे त्या कराराचं मूळ तत्त्व आहे. कथा लिहून झाली की हक्क तुमचा. काही देशांत नोंदणीचा कोर्टात पुरावा म्हणून उपयोग होतो, पण ती नसली म्हणून कथा बेवारस होत नाही. हस्तलिखित बंद पाकिटात घालून स्वतःलाच पोस्टाने पाठवण्याचा सल्लाही लोक अजून देतात. त्यावर विसंबू नका. त्यापेक्षा जुने खर्डे, तारखांसह मेल आणि मूळ फायली जपून ठेवा. आयएसबीएन हाही हक्काचा दाखला नाही. तो पुस्तकाचा ओळख क्रमांक आहे, त्यावरून मजकूर कोणाच्या मालकीचा हे ठरत नाही.

दुसरी भीती जास्त हुशारीने घातली होती. ‘तुमची कथा समूहावर कोणालाही वाचता येते, म्हणजे ती प्रसिद्ध झालेली आहे. प्रथम प्रकाशनाचा हक्क तुम्ही वापरून टाकलात. आता दुसरं कोणी ती घेणार नाही.’ यातला अर्धा भाग खरा आहे. बरेच संपादक उघड्यावर टाकलेली कथा पूर्वप्रकाशित धरतात आणि त्यांना अप्रकाशितच कथा हवी असते. सभासदांपुरत्या बंद गटात अभिप्रायासाठी ठेवलेली कथा सहसा तशी धरली जात नाही. म्हणून ज्या कथेकडून मोठी आशा आहे ती आधी बंद गटात दाखवावी, हे मी आता पाळते. पण पूर्वप्रकाशित कथा पुन्हा छापणारेही संपादक असतातच. ‘कोणीच घेणार नाही’ हे वाक्य मला घाईत सही करायला लावण्यासाठी होतं.

मी सही केली. करारातलं चौथं कलम असं होतं: ‘लेखक सदर कथेचे सर्व माध्यमांतील व सर्व भाषांतील हक्क कायमस्वरूपी संपादकांकडे सुपूर्द करीत आहे.’ हे मला खटकलं होतं. मी विचारलंही. उत्तर आलं, ‘सगळ्यांना हाच मसुदा आहे, निव्वळ औपचारिकता.’ औपचारिकता असेल तर काढून टाका, एवढं म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही, कारण निवड रद्द होईल अशी धास्ती होती. त्याच कथेला तीन ठिकाणांहून नकार आले होते आणि ते मी समूहावर मोकळेपणाने लिहिलंही होतं.

कथासंग्रहाला तुमच्या कथेतून खरोखर लागतं ते इतकंच: ही कथा या संग्रहात, या भाषेत, अमुक वर्षांसाठी छापायची परवानगी. परवानगी देणं आणि हक्क सुपूर्द करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परवानगीत कथा तुमचीच राहते आणि मुदत संपली की सगळं पूर्ववत होतं. सुपूर्द केल्यावर ध्वनिरूपांतर, अनुवाद, चित्रपट, सगळं समोरच्याचं. ‘सुपूर्द’, ‘हस्तांतरित’, ‘कायमस्वरूपी’, ‘भविष्यात निर्माण होणाऱ्या माध्यमांसह’ यांतला एकही शब्द दिसला तर सही करू नका. मुदत लिहून घ्या, आणि पुस्तक ठरलेल्या काळात निघालं नाही तर हक्क आपोआप परत येतील असं वाक्य घालून घ्या.

पुस्तक आलं ते कबूल केलेल्या तारखेनंतर ५ महिन्यांनी. खोक्यातून पहिली प्रत काढली आणि थेट माझं पान उघडलं. दुसऱ्याच परिच्छेदात नायिकेच्या भावाचं नाव चुकलं होतं. ही चूक माझीच होती, समूहावर कथा टाकताना झालेली. एका वाचकाने ती प्रतिसादात दाखवली होती आणि संपादकांना पाठवलेल्या फायलीत मी ती सुधारली होती. शिवाय त्या फायलीत शेवट नव्याने लिहिला होता, त्यावर तीन आठवडे घालवले होते. पुस्तकात जुनाच शेवट होता. म्हणजे मी पाठवलेली फाइल कोणी उघडलीच नव्हती. समूहावरचा मजकूर जसाच्या तसा उचलून छापला होता. मुद्रितशोधनाचे पैसे मी ज्याचे दिले, ते काम कधी झालंच नव्हतं.

मग मी संग्रहातल्या इतरांना निरोप पाठवले. आम्ही ११ जणांनी आपापली पहिली पत्रं एकत्र ठेवली. ‘तुमचा नावाडी वल्हं पाण्यात सोडून देतो. तिथे मी वाचन थांबवलं. पुढचं वाचायला मला दोन दिवस लागले.’ ‘तुमच्या कथेतला मुलगा पत्र न वाचताच घडी घालतो. तिथे मी वाचन थांबवलं.’ अकराच्या अकरा पत्रांत तीच वाक्यं, फक्त प्रसंग बदललेला. आणि तो प्रसंग कुठून घेतला होता तेही सापडलं. प्रत्येक कथेखालच्या प्रतिसादांत वाचकांनी ज्या जागेचा सर्वांत जास्त उल्लेख केला होता, ती जागा. माझ्या कथेखाली चार जणांनी दाराच्या कडीबद्दल लिहिलं होतं. कथा न वाचता प्रतिसाद वाचले तरी ते पत्र लिहिता येत होतं.

हे मला सर्वांत जास्त लागलं, पैशांपेक्षा कितीतरी जास्त. आम्ही तिथे एकमेकांना विश्वासाने सांगत होतो: काय लिहिताना अडतंय, कुठून नकार आला, कुठल्या वाक्यावर जीव आहे. त्याच बोलण्यातून कोणाला कोणतं आमिष चालेल याची यादी तयार झाली होती. त्यानंतर ७ महिने मी काही टाकलं नाही. कोणी कौतुक केलं की वाटायचं, याला काय हवंय? एक वाचक आहेत, ते कधीच ‘छान’ म्हणत नाहीत, फक्त चुका दाखवतात. त्या काळात मला फक्त त्यांचाच भरवसा वाटायचा.

त्या ताईंबद्दलही लिहायला हवं. त्यांनी आम्हाला फसवलं असं मी म्हणणार नाही. त्यांच्याकडून पैसे घेतले नव्हते आणि सहसंपादक म्हणून नाव छापलं होतं, एवढंच. त्यांनी संपादन केलेलं एकही पान पुस्तकात गेलं नाही, हे त्यांना आमच्यानंतर कळलं. त्यांनी प्रत्येकाला स्वतः फोन करून माफी मागितली. ओळखीच्या माणसाने शिफारस केली तरी त्याला एक प्रश्न जरूर विचारा: तुम्ही करार वाचलाय का? ताईंना करार दाखवलेलाच नव्हता.

पुढे आम्ही एकेक गोष्ट तपासत गेलो. ‘५०० प्रतींची पहिली आवृत्ती’ असं जाहीर झालं होतं. आमच्या प्रतींच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत छपाईची तारीख होती आणि प्रत्येकाच्या खोक्यातली तारीख वेगळी होती. म्हणजे मागणी येईल तेवढ्याच प्रती छापल्या जात होत्या आणि मागणी करणारे आम्हीच होतो. मागणीनुसार छपाई ही वाईट पद्धत नाही, पण मग आवृत्तीसाठी आमच्याकडून घेतलेल्या पैशांना आधारच राहत नाही.

आयएसबीएनही बनावट निघाला. हे कोणालाही घरबसल्या तपासता येतं. २००७ पासून हा क्रमांक १३ अंकी आहे आणि त्याची सुरुवात ९७८ किंवा ९७९ ने होते. पहिला अंक तसाच घ्यायचा, दुसऱ्याची तिप्पट, तिसरा तसाच, चौथ्याची तिप्पट, असं शेवटपर्यंत. सगळ्यांच्या बेरजेला १० ने पूर्ण भाग जायला हवा. आमची बेरीज १०७ आली. गणित जुळलं तरी थांबू नका, तो क्रमांक दुसऱ्याच पुस्तकाचा नाही ना ते शोधून बघा.

त्या दिवसांत मी लेखकांच्या फसवणुकींबद्दल मिळेल ते वाचलं. ‘रायटर बिवेअर’ नावाचा एक उपक्रम १९९८ पासून लेखकांना अशा सापळ्यांबद्दल सावध करतो. तिथले किस्से दुसऱ्या देशांतले, दुसऱ्या भाषेतले, पण पत्रांची चाल तीच. जेम्स मॅकडोनल्ड या लेखकाचा नियमही तेव्हाच कळला: पैसा लेखकाच्या दिशेने वाहायला हवा. त्याने आणि त्याच्या मित्रांनी २००४ मध्ये मिळून मुद्दाम एक अतिशय वाईट कादंबरी रचली होती. त्यात एक प्रकरण दोनदा घातलं, एक गाळलं, एक संगणकाकडून जुळवून घेतलं. आम्ही निवडूनच घेतो असं म्हणणाऱ्या एका प्रकाशन संस्थेने ती स्वीकारली आणि लेखकांनी खरं जाहीर केल्यावर प्रस्ताव मागे घेतला. ते वाचताना मला माझी न उघडलेली फाइल आठवत होती. स्वतःचं पुस्तक स्वतः काढणाऱ्याने संपादकाला, चित्रकाराला पैसे देणं यात गैर काहीच नाही, कारण तिथे प्रकाशक तोच असतो आणि हक्क त्याच्याकडेच राहतात. ‘तुमची निवड झाली आहे’ असं सांगून जो पैसे मागतो, त्याच्यापासून लांब राहा.

वर्षभराने एका मैत्रिणीने मला एक ध्वनिफीत पाठवली. कोणीतरी माझी कथा वाचत होतं, छान वाचत होतं. नायिका दारापर्यंत गेली, कडीला हात लावला. खाली माझं नाव नव्हतं. मी ती काढून टाकण्याची तक्रार केली, त्यावर संपादकांनी चौथं कलम दाखवलं आणि तक्रार फेटाळली गेली.

तेव्हा आमच्यातल्या कायदा शिकलेल्या एका सभासदाने एक वाट दाखवली. बर्न करारात १९२८ साली एक कलम जोडलं गेलं. आर्थिक हक्क दुसऱ्याला दिल्यानंतरही ‘हे माझं लेखन आहे’ असं सांगण्याचा आणि त्याच्या विद्रूपीकरणाला हरकत घेण्याचा अधिकार त्यानुसार लेखकाकडेच राहतो. आमच्या करारात नावाबद्दल एक शब्दही नव्हता. तेवढ्याच मुद्द्यावर आम्ही ११ जणांनी मिळून पत्र लिहिलं. पुस्तकातल्या चुका, छपाईच्या तारखा, आयएसबीएनची बेरीज, सगळं त्याला जोडलं. पैसे कोणालाच परत मिळाले नाहीत. सहा जणांना हक्क सोडल्याचं लेखी पत्र मिळालं. ज्यांच्या कथांच्या ध्वनिफिती निघाल्या होत्या त्या पाच जणांना मिळालं नाही, आणि मी त्या पाचांत आहे.

ती ध्वनिफीत अजून आहे. खाली आता माझं नाव आहे. नवा शेवट, तीन आठवडे घालवलेला, माझ्या फायलीत आहे आणि तो कुठे छापायचा झाला तर मला परवानगी मागावी लागेल. मागच्या आठवड्यात समूहावरच्या एका नवीन मुलाने विचारलं, ‘ताई, मला एक पत्र आलंय, बघाल का?’ त्याच्या कथेतली म्हातारी दिवा विझवून अंधारात बसते. तिथे कोणीतरी वाचन थांबवलं होतं.

मी त्याला फोन केला. त्याने अजून सही केलेली नाही.