बेळगावात झालेली थायरॉईडची शस्त्रक्रिया : आमचा अभिप्राय

माझी पत्नी खानापूर तालुक्यातील एका मराठी शाळेत शिक्षिका आहे. थायरॉईडची गाठ छातीच्या हाडामागे उतरू लागल्याने बेळगावच्या एका खासगी रुग्णालयात तिची शस्त्रक्रिया झाली. आवाजावरच जिचे काम चालते, तिच्या बाबतीत हे रुग्णालय कसे वागले, ते सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते.

सीटी स्कॅन पाहता पाहता सर्जननी विचारले, "बाई, घास गिळताना अडकल्यासारखा वाटतो का?" उजव्या हाताकडे जाणारी धमनी नेहमीची वाट सोडून अन्ननलिकेच्या मागून गेलेली त्यांना दिसली होती. केसपेपरच्या पाठीमागे आकृती काढून त्यांनी समजावले की, आवाजाची नस एरवी छातीकडे उतरते आणि उजवीकडे या धमनीला, डावीकडे महाधमनीला वळसा घालून श्वासनलिकेच्या कडेने पुन्हा वर चढते. परंतु धमनीच जागेवर नसेल, तर आवाजाची नस मानेतच व्हेगस नसेपासून (मेंदूतून मानेमार्गे खाली उतरणाऱ्या मोठ्या नसेपासून) फुटून आडवी, थेट स्वरयंत्राकडे जाते. उजव्या बाजूला असे शंभरात जेमतेम एखाद्याचे असते, डावीकडे तर अत्यंत क्वचित. १८२३ पासून वैद्यकाला हे ठाऊक आहे. तरीही नेहमीच्या जागीच नस शोधली, तर ही आडवी नस रक्तवाहिनी समजून बांधली किंवा कापली जाऊ शकते, आणि मग त्या बाजूची स्वरपट्टी हलेनाशी होते.

शस्त्रक्रियेआधी दुर्बिणीतून स्वरपट्ट्या तपासल्या. भूल देताना घातलेल्या नळीवर इलेक्ट्रोड होते. समोर दिसणारा एखादा धागा नस असावी असा संशय आला की त्याला हलका विद्युतस्पर्श करून स्वरयंत्राचे स्नायू प्रतिसाद देतात का, हे यंत्रावर पाहता येते. नस खरोखरच आडवी निघाली आणि शाबूत राहिली. दुसऱ्या दिवशी सर्जननी तिला लांब "ई" म्हणायला लावले, तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आले.

एक तक्रार मात्र आहे. संमतीपत्र फक्त कन्नड आणि इंग्रजीत होते. नसेला इजा होण्याचा धोका ज्या ओळीत लिहिला होता, ती ओळ एका मराठी सिस्टरांनी तोंडी सांगितली म्हणून आम्हाला कळली. सीमाभागातील इतके मराठी रुग्ण जेथे येतात, तेथे मराठी प्रत असायलाच हवी.

डिस्चार्ज कार्डावर सर्जननी त्या नसेची व धमनीची नोंद ठळक अक्षरांत केली आहे. पुढे कधी मानेची शस्त्रक्रिया करावी लागली, तर हे कार्ड आधी दाखवा, असे त्यांनी दोनदा बजावले.