जुनी एमएम ५४० की जुनी जिप्सी? आधी पाणी आणि करंट बघा

जुनी फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांवर ओढणारी गाडी, घ्यायची ठरवली की आपल्याकडे शोध फिरून फिरून दोन नावांपाशी येतो. महिंद्राची एमएम ५४० आणि मारुतीची जिप्सी. दोन्ही ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर आलेल्या, दोन्हींचे पार्ट अजून मिळतात आणि दोन्हींच्या मालकांना आपलीच गाडी श्रेष्ठ वाटते. ताकद, ॲव्हरेज, रुबाब यांवर भांडायला माणसं पुष्कळ आहेत. मी दोनच गोष्टींवर बोलणार आहे, कारण या वयाची गाडी घाटात बॉनेट उघडून उभी दिसली की कारण बहुधा या दोहोंतलंच निघतं: एक तर पाणी उकळलं, नाहीतर करंट गेला.

माझं मत आधीच सांगून टाकतो. जीप, म्हणजे एमएम ५४०, हाल सोसते, पण तिच्या वायरिंगवर भरवसा ठेवता येत नाही. जिप्सीचं वायरिंग शिस्तीचं आहे, पण तिचं इंजिन एकदा सपाटून तापलं की खिसा रिकामा करतं. तुमच्या हाताला आणि स्वभावाला यातलं कोणतं दुखणं झेपेल, ते बघून गाडी निवडा.

समोर उभी आहे ती गाडी नेमकी कोणती?

एमएम ५४० मध्ये मुळात प्यूजोचं २११२ सीसीचं डिझेल इंजिन असायचं. बीडाचा (ओतीव लोखंडाचा) ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा मुख्य ठोकळा, व्हॉल्व्ह उघडणाऱ्या पुशरॉड दांड्या, यांत्रिक डिझेल पंप आणि साधारण ६२ अश्वशक्ती. मात्र आज विकायला असलेल्या जीपमध्ये तेच इंजिन असेल याची खात्री देता येत नाही. कुणी महिंद्राचंच एमडीआय हे डिझेल इंजिन टाकलेलं असतं, कुणी आणखी कुठलं तरी. इंजिन बदललं पण रेडिएटर जुनाच ठेवला, पंखा रेडिएटरपासून वीतभर लांब गेला, अशी जीप तापली तर तिला दोष देण्यात अर्थ नाही.

जिप्सीत तीन पिढ्या लक्षात ठेवा. पहिली ९७० सीसीची. १९९६ पासून जिप्सी किंग, १२९८ सीसी, कार्ब्युरेटरवाली. आणि २००० पासून एमपीएफआय, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल फवारणारी, ८० अश्वशक्तीची. किंगच्या इंजिनाचा ब्लॉकही ॲल्युमिनियमचा आणि त्यावर बसणारं हेडही. वजन कमी, गाडी चपळ. पण ॲल्युमिनियम जास्त तापलं की वाकतं, आणि बीडाइतकी माफी देत नाही.

तापणं: कधी तापते ते आधी विचारा

विकणारा म्हणतो, ‘घाटात थोडी गरम होते, एवढंच.’ या ‘थोडी’च्या आत काय दडलंय ते शोधायचं असेल तर गाडी कधी तापते ते पकडावं लागतं.

हळू चालताना किंवा उभी असताना काटा चढतो आणि हायवेला लागल्यावर खाली येतो, तर वारा कमी पडतोय. जीपमध्ये पंखा थेट वॉटर पंपावर फिरतो, त्यात बिघडण्यासारखं फारसं काही नसतं. संशय घ्यायचा तो ढिल्या फॅन बेल्टचा आणि पंख्याभोवतीच्या पत्र्याच्या कव्हरचा. हे कव्हर कुणीतरी कधीतरी ‘अडचण होते’ म्हणून काढून टाकलेलं असतं. ते नसलं की पंखा इंजिनाकडचीच गरम हवा घुसळत बसतो. जिप्सी किंगमध्ये पंख्याला व्हिस्कस कपलिंग, म्हणजे घट्ट तेलाच्या जोरावर पंखा फिरवणारा जोड, असतं. आतलं सिलिकॉन तेल गळून गेलं की पंखा फिरताना दिसतो, पण ओढ राहत नाही. तपासणी फुकटात होते. इंजिन चांगलं गरम करा, बंद करा, चावी खिशात घाला आणि पंखा हाताने ढकला. जरा अडखळून थांबला तर ठीक. मोकळा गरगर फिरत राहिला तर कपलिंग गेलं.

याच्या उलट, हळू चालताना बरी आणि हायवेला किंवा लांब चढाला तापते, तर पाणीच पुरेसं फिरत नाहीये. रेडिएटर आतून चोंदलाय, खालचा होज आत ओढला जाऊन चपटा होतोय किंवा पंपाची पाती झिजली आहेत. इथे आपल्याकडचं खास कारण म्हणजे बोअरचं पाणी. मराठवाड्यातल्या किंवा सोलापूरकडच्या शेतावर वर्षानुवर्षं राबलेल्या जीपमध्ये कूलंट कुणी घातलेलंच नसतं; विहिरीचं नाहीतर बोअरचं पाणी ओतायचं आणि निघायचं. क्षार नळ्यांत बसत जातात. थंड इंजिनावर झाकण काढून आत बोट फिरवा. विटकरी गाळ आला तर गंज आणि क्षार, यावर तोडगा आहे. दुधाळ, तेलकट साय हाताला लागली तर तेल पाण्यात मिसळतंय. तिथून दुसरी गाडी बघायला निघालेलं बरं.

दुरुस्तीत जीप पुढे आहे. तांब्या-पितळेचा जुना रेडिएटर कोणताही जाणता रेडिएटरवाला टाक्या उघडून, नळ्यांतून सळई मारून, पुन्हा डाग देऊन बसवतो. जिप्सीत काही ठिकाणी प्लास्टिकच्या टाकीचा ॲल्युमिनियम रेडिएटर बसवलेला सापडतो. त्याला डाग देता येत नाही. टाकी तडकली की नवा आणायचा.

तिसरी तऱ्हा वाईट. सेल्फ मारल्यावर काही मिनिटांतच रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात, होज दगडासारखा कडक होतो आणि पाणी कुठेही न गळता कमी होतं. हे हेड गॅस्केट, म्हणजे हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग, गेल्याचं लक्षण. जीपमध्ये फिटर हेड काढतो, फेसिंग करून, म्हणजे त्याची खालची बाजू मशीनवर सपाट करून आणतो, नवं गॅस्केट टाकतो आणि गाडी पुन्हा रस्त्यावर. जिप्सी किंगमध्ये हेच काम फेसिंगवर मिटलं तर नशीब म्हणायचं. हेड फार वाकलं असेल किंवा ब्लॉकची वरची बाजू खराब झाली असेल तर हिशेब दुसरं इंजिन शोधण्यापर्यंत जातो. म्हणून जिप्सी घेणाऱ्याने काटा लालकडे निघाला की ‘एवढा घाट संपू दे’ असं म्हणायचं नाही. लगेच बाजूला घ्यायची.

थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा वॉल्व्ह, काढून टाकण्याची आपल्याकडे जुनी खोड आहे. ‘वॉल्व्हच काढून टाकला, आता तापणारच नाही,’ असं छाती फुगवून सांगणारे भेटतील. काही इंजिनांत थर्मोस्टॅट नसला की बायपासची वाट उघडीच राहते आणि गरम पाणी रेडिएटरला न जाता इंजिनातच फेऱ्या मारतं. शिवाय थंडीत इंजिन नीट गरमच होत नाही आणि इंधन जास्त पितं. दोन्ही गाड्यांत तो जागेवर आहे का ते विचारा. नसेल तर का काढला ते विचारा. बहुतेक वेळा खरं दुखणं त्या उत्तरातच असतं.

रेडिएटरच्या झाकणाकडेही कुणी बघत नाही. झाकणावर दाबाचा आकडा असतो, ०.९ वगैरे. एवढ्या दाबाने पाण्याचा उत्कलनबिंदू वीसेक अंशांनी वर जातो. रबर कडक झालेलं झाकण हा दाब धरत नाही आणि मग महाबळेश्वरसारख्या उंचीवर, जिथे उघडं पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं, गाडी विनाकारण उकळते. दोनतीनशे रुपयांच्या वस्तूपायी माणसं रेडिएटर बदलतात. नवं झाकण मात्र त्याच आकड्याचं घ्या, आणि गरम असताना ते उघडायला जाऊ नका.

पावसाळी वाटांवर फिरणार असाल तर कोकणची लाल माती दोन्ही गाड्यांची शत्रू आहे. ती जाळीत जाऊन वाळते आणि ऑक्टोबरच्या उन्हात गाडी अचानक तापायला लागते. पाण्याची धार इंजिनाच्या बाजूने बाहेर मारायची, हलक्या दाबाने. प्रेशर वॉशर जवळ धरला तर रेडिएटरच्या जाळीतल्या पातळ पत्त्या आडव्या होतात.

करंट: कुणाला किती लागतो

इथे चित्र उलटं होतं. यांत्रिक पंपाच्या डिझेलला एकदा सुरू झाल्यावर विजेची गरजच उरत नाही. इंजिन बंद करायलाही जुन्या जीपमध्ये ओढायची स्टॉप केबल असते. वरंधा घाटात अल्टरनेटर, म्हणजे बॅटरी चार्ज करणारं यंत्र, मेला, तरी दिवसाउजेडी जीप भोरपर्यंत काय, पुण्यापर्यंत येते. सेल्फ गेला तर उतारावर सोडून गिअरमध्ये टाका. अट एकच: प्यूजो इंजिन थंडीत हीटर प्लगशिवाय, म्हणजे सिलिंडर आधी तापवणाऱ्या विजेच्या प्लगशिवाय, कुरकुरतं, तेव्हा डिसेंबरच्या पहाटे नुसत्या धक्क्यावर विसंबू नका.

जिप्सी पेट्रोलची, तिला ठिणगी हवी. एमपीएफआय असेल तर वर पेट्रोल ढकलणारा विजेचा पंप, इंजेक्टर आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा छोटा संगणक, यांचीही भूक. चार्जिंग बंद पडलं तर ३५ ॲम्पिअर-अवरच्या चांगल्या बॅटरीवर, दिवे बंद ठेवून, तासदोन तास काढता येतात. रात्री हेडलाइट आणि पावसात वायपर लावले की ते गणित कोसळतं. कार्ब्युरेटरवाल्या जिप्सीचा डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला ठिणगी वाटणारा भाग, ओढ्याच्या पाण्याला घाबरतो. कॅपला बारीक तडा असेल तर आत ओल धरते आणि गाडी नेमकी पाण्यामधोमध बंद पडते. डिझेल जीप त्याच ओढ्यातून निमूट निघून जाते, हवेच्या फिल्टरपर्यंत पाणी पोचलं नाही म्हणजे झालं.

एवढं वाचून जीपकडे कल झुकला असेल तर तिचं डॅशबोर्ड खालून बघा. उघडी गाडी, पावसात भिजलेली, हातोहात फिरलेली. प्रत्येक मालकाच्या वायरमनने हाताला लागेल त्या रंगाची वायर वापरलेली. हॉर्नची वायर लाल सुरू होते आणि सीटखाली निळी होऊन बाहेर पडते. फॉग लाइट थेट बॅटरीवर, मध्ये फ्यूज नाही, आणि वायर सायलेन्सरच्या पाइपाला टेकलेली. आग लागते ती अशा ठिकाणी. अशा गाडीत एकेक दोष शोधत बसू नये. पूर्ण हार्नेस, म्हणजे गाडीभरच्या वायरांचा जुडगा, नवा ओढून घ्यावा, फ्यूजबॉक्स नवा, हेडलाइटला रिले, म्हणजे जास्त करंट स्विचऐवजी स्वतःमधून नेणारा डबा. ५५-६० वॅटचे दोन दिवे मिळून नऊदहा ॲम्पिअर खेचतात आणि तेवढा करंट तीस वर्षांच्या डीपर स्विचमधून नेला की स्विच वितळतो, दिवेही पिवळे पडतात. जीपमधली एकूण वीजच कमी, म्हणून हे काम एका चांगल्या वायरमनच्या आवाक्यातलं आहे. त्याचा खर्च मात्र गाडीच्या किमतीतून आधीच वजा करा.

जिप्सीचं मूळ हार्नेस अजून शाबूत असेल तर त्याला हात लावू देऊ नका. सुझुकीच्या एसजे मालिकेतलीच ही गाडी असल्यामुळे तिच्या वायरिंगचे नकाशे सहज मिळतात, आणि नकाशावरचा रंग गाडीत त्याच जागी सापडतो. दोष शोधायला याहून मोठी सोय नाही.

काटा खोटं बोलतो तेव्हा

साताऱ्याकडे एक जीप बघितली होती. मालक म्हणाला, रात्री जास्त तापते. रात्री हवा गार, मग जास्त का तापेल? इंजिन चालू ठेवून हेडलाइट लावले, काटा दोन रेघा वर. बंद केले, काटा खाली. पाणी एवढ्या झटकन गरम-गार होत नसतं. इंजिन आणि चॅसी यांना जोडणारी अर्थची तांब्याची वेणी हिरवी पडून निम्मी तुटली होती. तोवर रेडिएटर एकदा बदलून झाला होता.

म्हणून तापण्याच्या तक्रारीची सुरुवात मल्टिमीटरने करा. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनाच्या उघड्या धातूला, आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थ खराब. डिझेल आणि तापमान, दोन्ही काटे एकदम वर जात असतील तर तोही रेडिएटरचा दोष नव्हे, मीटरचा. खरं तापमान हवं असेल तर थर्मोस्टॅटच्या घरावर इन्फ्रारेड थर्मामीटर धरा. ९० अंशांच्या आसपास असेल आणि काटा लालमध्ये, तर इंजिन बरं आहे.

चार्जिंग बघताना इंजिन बंद असताना बॅटरीवर साधारण १२.६ व्होल्ट आणि चालू असताना १३.८ ते १४.४ मिळायला हवेत. याहून जुन्या, डायनॅमो आणि कटआउटवाल्या जीपमध्ये आयडलिंगला चार्जिंग जवळजवळ नसतंच; ती तिची जातच आहे.

मग घ्यायची कोणती?

गावाकडे शेत आहे, फिटर ओळखीचा आहे, वेगाची घाई नाही: एमएम ५४०, शक्यतो मूळ इंजिनाची, आणि घेतल्याबरोबर नवं वायरिंग. मुंबई-पुण्यात राहून शनिवार-रविवार ताम्हिणीकडे जाणार, हायवेवर ऐंशीने चालायला हवं आणि स्वतः काट्यावर नजर ठेवाल: एमपीएफआय जिप्सी किंग, ज्या गाडीचं हेड कधी उघडलं नाही अशी. कार्ब्युरेटरवाली किंग स्वस्त मिळते, पण तापण्याचा धोका तोच आणि ओढ्याची भीती वर. ती मी फारच सुस्थितीत असेल तरच घेईन.

गाडी बघायला सकाळी जा, आणि येण्याआधी सुरू करू नका म्हणून मालकाला बजावून ठेवा. बॉनेटवर हात ठेवून ती थंड असल्याची खात्री करा, अर्धा तास चालवा, मग सगळे दिवे लावून दहा मिनिटं उभी ठेवा. इंजिन नंबर आरसी बुकाशी जुळवून बघा, विशेषतः जीपमध्ये. पंधरा वर्षांवरच्या गाडीचं रजिस्ट्रेशन दर पाच वर्षांनी फिटनेस करून वाढवावं लागतं. ती तारीख उलटून गेलेली असेल तर ते काम मालकाकडून पूर्ण झाल्याशिवाय टोकन देऊ नका.