रंग काढायचे पैसे घेतले आणि रंगावर रंग मारला

वडिलांची 1978 ची प्रीमियर पद्मिनी. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघाली ती थेट नाशिकला आली. मध्ये कधीतरी काकांना हुक्की आली आणि त्यांनी पत्र्याचा डॅशबोर्ड, दरवाजांवरच्या पट्ट्या ब्रशने काळ्याकुळकुळीत करून टाकल्या. काका आता नाहीत, त्यामुळे भांडायचीही सोय नाही.

तो रंग उतरवून मूळचा आणायचा होता. मिस्त्री म्हणाला, "साहेब, केमिकल लावून कोरा पत्रा करतो, मग प्रायमर, मग रंग. आठ दिवस." 22,000 ठरले, 12,000 आगाऊ दिले. पितृपक्षात कामाला हात लावणार नाही म्हणाला, मग दसऱ्याच्या गाड्यांची गर्दी. दिवाळीच्या तोंडावर गाडी मिळाली. झकास दिसत होती. उरलेले पैसे हसतहसत दिले.

एप्रिलमध्ये गंगापूर रोडला दोन तास उन्हात उभी होती, तर डॅशबोर्डवर फोड! नखाने खरवडलं तशी कांद्यासारखी साल निघाली आणि खाली काकांचा काळा रंग, ब्रशच्या रेघांसकट. कोरा पत्रा वगैरे काही नाही, धड पॉलिश पेपरसुद्धा फिरवला नव्हता.

रिमूव्हर वापरला होता, पण नको तिथे. प्लॅस्टिकच्या नॉबवर. जहाल रिमूव्हरमध्ये बहुधा मिथिलीन क्लोराइड असतं, ते प्लॅस्टिकच विरघळवतं. आधीच्या चकचकीत नॉबना चघळलेल्या गोळीची कळा आली होती. मला वाटलं होतं, जुने आहेत म्हणून चिकटतात. काचा वर-खाली करायची मूळची जड हँडलं जाऊन तिथे हलकी नवी बसवली होती, तेही सहा महिन्यांनी लक्षात आलं. सुटे भाग देताना मोजून फोटो काढले नव्हते, हा माझा गाढवपणा.

जाब विचारला तर "जुन्या गाडीचं असंच असतं." ग्राहक आयोगात जायचं म्हटलं, तर हातात कच्ची चिठ्ठी आणि तिच्यावर दोनच शब्द, "पेंट काम." रंग काढायचा ठरला होता याचा कुठे पुरावा नाही. असं काम देणार असाल तर "जुना रंग पूर्ण काढणे" हे शब्द बिलावर लिहून घ्या, आणि प्रायमर मारायच्या आधी स्वतः जाऊन पत्रा बघा. उघड्या पत्र्याला लगेच गंज धरतो, म्हणून प्रायमर घाईने मारावाच लागतो. ती घाई खरी असते आणि सबब म्हणूनही चालते.

आता अंबडला दुसऱ्याकडे काम चालू आहे. मी शेजारी स्टूल टाकून बसतो. त्याने रिमूव्हर लावला, पंधरा-वीस मिनिटांत रंग सुरकुतून वर आला आणि पत्र्याच्या पट्टीने लगद्यासारखा निघाला. अ‍ॅशट्रेखालच्या कोपऱ्यात मूळचा फिकट रंग दिसला. तो तेवढा तसाच ठेवायला सांगितलाय, छटा जुळवायला.

हँडलं अजून मिळालेली नाहीत.