स्टिकर शाबूत, बिटकॉइन गायब: माझे 3,85,000 रुपये कसे गेले

मार्च 2024 मधल्या एका सकाळी माझ्या टेबलावर दहा पितळी नाणी ओळीने मांडलेली होती. दहाही नाण्यांच्या पाठीवरचं होलोग्रामचं स्टिकर जसंच्या तसं होतं. भिंगाखाली एकेक फिरवून पाहिलं. कुठे सुईएवढंही उचकटलेलं नव्हतं. आणि तरीही दहाच्या दहा नाण्यांतले बिटकॉइन रात्रीतून निघून गेले होते.

हे लिहायला मला फार उशीर झाला आहे. घरात कळलं होतं, पोलिसांत गेलो होतो, पण चारचौघांत सांगायची लाज वाटत होती. आता सांगतो, कारण अगदी तशीच नाणी पुन्हा विकायला आलेली मी पाहिली. तेच पितळ, तीच भाषा, आणि तेच वाक्य: "पैसे देण्याआधी शिल्लक स्वतः बघून घ्या."

मी नाशिकचा. तीस वर्षं नाणी जमवतोय. अंजनेरीच्या नाणकशास्त्र संस्थेतल्या कार्यशाळांना जाऊन शिवराई हातात कशी धरायची, कशी वाचायची हे शिकलो. 'श्री राजा शिव' आणि 'छत्रपति' या अक्षरांची ठेवण, कडेचा घाट, वजन, तांब्यावर चढलेला काळपटपणा, यावरून खोटी शिवराई दहातली आठ वेळा तरी मी ओळखतो. हा डोळा आपल्याला वाचवेल असा माझा भरवसा होता. विकणाऱ्याने माझा तोच भरवसा हेरला.

ज्यांना ही भानगड ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. बिटकॉइन ही वस्तू नाही, ती सगळ्या जगाला वाचता येणाऱ्या एका हिशेबाच्या वहीतली नोंद आहे. नोंद ज्या पत्त्यावर आहे त्या पत्त्याची गुप्त किल्ली, म्हणजे अक्षरांची एक लांबलचक ओळ, ज्याला माहीत त्यालाच ते बिटकॉइन हलवता येतात. 2011 मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या माईक काल्डवेल यांनी ही किल्ली बारीक कागदावर छापली, धातूच्या नाण्यात बसवली आणि वरून होलोग्राम चिकटवला. नाण्यावर पत्त्याची पहिली आठ अक्षरं दिसत. त्यावरून कोणालाही वहीत जाऊन शिल्लक पाहता येई. स्टिकर सोललं की किल्ली मिळे, मात्र मागे मधमाश्यांच्या पोळ्यासारखी नक्षी उमटे, म्हणजे नाणं सोललेलं आहे हे लपवता येत नसे. ही 'कॅसॅशियस' नाणी. सुरुवातीच्या होलोग्रामवर 'कॅसॅशियस' या नावाचंच स्पेलिंग चुकलं होतं, आणि आपल्याकडे चुकीच्या छपाईच्या नोटेला असतो तसा त्या चुकलेल्या नाण्यांना संग्राहकांत वेगळा भाव आहे. 2013 च्या अखेरीस अमेरिकी अर्थखात्याच्या फिन्सेन या शाखेचं पत्र आलं, हा पैसे पाठवण्याचा धंदा ठरतो म्हणून, आणि काल्डवेल यांनी भरलेली नाणी विकणं थांबवलं. त्यामुळे न सोललेलं भरलेलं कॅसॅशियस आज आतल्या बिटकॉइनपेक्षाही जास्त किमतीला जातं. (बाजारात दीडदोनशे रुपयांना सोनेरी मुलाम्याची, मोठं 'बी' कोरलेली नाणी मिळतात, त्यांच्यात एक पैशाचा बिटकॉइन नसतो. ती शोभेची. तीसुद्धा 'असली बिटकॉइन' म्हणून गळ्यात मारलेली मी पाहिली आहेत.)

नोव्हेंबर 2023 मध्ये पुण्यातल्या एका नाणेप्रदर्शनात तिशीतला एक मुलगा भेटला. त्याचा स्टॉल नव्हता, तो गाळ्यागाळ्यांतून फिरत होता. माझ्याशी तासभर शिवराईवर बोलला, आणि नीट बोलला. मग खिशातून पितळी नाणं काढलं. कॅसॅशियसच्याच धर्तीवर, पण 0.01 बिटकॉइनचं. "काका, परदेशातली छोटी टांकसाळ आहे, फक्त 500 नग काढलेत. तुम्ही जाणकार आहात, तुम्हीच सांगा कसं आहे." नाणं चांगलंच होतं. ठसा खोल, कडा स्वच्छ. त्याने माझ्याच फोनवर पत्ता घालायला लावला. शिल्लक दिसली: 0.01000000. तेव्हाच्या भावाने साधारण तीस-एकतीस हजार रुपये.

मी म्हटलं, किल्ली खरी आहे कशावरून? त्यावर तो म्हणाला, "एक घ्या आणि घरी जाऊन सोला. पैसे तुमच्या वॉलेटमध्ये आले नाहीत तर मला फोन करा, मी पूर्ण रक्कम परत देतो."

मी 38,500 रुपयांना एक घेतलं. घरी आलो, मुलीला शेजारी बसवलं, स्टिकर सोललं. आत 'एस'ने सुरू होणारी तीस अक्षरं होती. ती वॉलेटमध्ये, म्हणजे बिटकॉइन ठेवायच्या ॲपमध्ये, टाकली आणि अर्ध्या तासात 0.01 बिटकॉइन, नेटवर्कचं शुल्क वजा जाता, माझ्या नावावर आले. मुलगी म्हणाली, "बाबा, हे तर खरंच निघालं."

तिथेच मी फसलो. सोललेलं नाणं खरं निघालं, म्हणून न सोललेली दहाही खरी असणार असं मी धरून चाललो. सोललं तर संग्रहाचं मोल जातं, म्हणून ती दहा मी सोलणार नाही, हे विकणाऱ्याला माझ्याआधी ठाऊक होतं.

डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात मी दहा नाणी घेतली. रक्कम 3,85,000. पैसे त्याच्या खात्यात गेले नाहीत. प्रत्येक वेळी पन्नास हजारांच्या आतली रक्कम, आणि प्रत्येक वेळी वेगळ्याच माणसाचा यूपीआय. कारण तयार होतं: फर्मच्या खात्याला मर्यादा आली आहे, हा चुलतभाऊ आहे, हा भागीदार आहे. टीडीएसचं विचारलं तर म्हणाला, "काका, आपसातल्या व्यवहारात कोण कापतं?" प्रत्यक्षात 1 जुलै 2022 पासून अशा व्यवहारात 1 टक्का टीडीएस कापण्याची जबाबदारी घेणाऱ्यावर आहे, आणि वर्षाला पन्नास हजारांच्या वर गेल्यावर ती माझ्यासारख्या पगारदारालाही चुकत नाही. मी कापला नाही. पुढे तक्रारीला जाताना माझे पाय जड झाले ते याचमुळे. आपलीच चूक बाहेर येईल ही भीती माणसाला गप्प बसवते, आणि तुम्हाला आधीच एका लहान गैरव्यवहारात ओढून ठेवण्याचं कारणही तेच असतं.

पुढचे तीन महिने रोज रात्री जेवण झालं की मी दहाही पत्ते उघडून पाहायचो. शिल्लक जागच्या जागी. 10 जानेवारीला अमेरिकेत बिटकॉइनच्या ईटीएफला, म्हणजे शेअर बाजारात घेता येणाऱ्या फंडाला, मंजुरी मिळाली, भाव चढत गेला, मार्चमध्ये 2021 चा उच्चांक मोडून तो 73,000 डॉलरच्या वर गेला. माझं एकेक नाणं साठ हजारांच्या घरात आलं. मुलीच्या कोर्सची फी भरायची होती. मी त्या मुलाला फोन केला, सरळ मनाने, की तीन नाणी सोलून विकावी म्हणतो, तुझ्या ओळखीत कोणी संग्राहक आहे का, म्हणजे न सोलताच देता येतील. तो म्हणाला, "दोन दिवस थांबा काका, मी गिऱ्हाईक बघतो."

त्याच रात्री 2 वाजून 47 मिनिटांनी दहाही पत्ते रिकामे झाले.

सकाळी ती नोंद उघडली तेव्हा मला नीट श्वास घेता येईना. एकच व्यवहार होता. त्यात 37 पत्त्यांवरून प्रत्येकी 0.01 असे पैसे गोळा होऊन एकाच पत्त्यावर गेले होते. माझे दहा त्यांतच. म्हणजे माझ्यासारखी आणखी माणसं होती, आणि सगळ्यांच्या किल्ल्या एकाच माणसाजवळ होत्या. किल्ली नाण्यात घालण्याआधीच त्याने तिची प्रत ठेवली होती. स्टिकर उचकटायची त्याला गरजच नव्हती. मी भिंग लावून जे राखत बसलो होतो, त्या स्टिकरचा या चोरीशी काही संबंधच नव्हता.

हे मला आधी कळायला हवं होतं असं आता वाटतं. नाण्याचं वजन तपासता येतं, शिल्लक तपासता येते. पण एखादी किल्ली आणखी कोणाला माहीत आहे का, हे तपासायची सोय जगात कुठेच नाही. भरलेलं नाणं म्हणजे बनवणाऱ्याच्या शब्दावर ठेवलेला विश्वास, मग ते नाणं कितीही देखणं असो. काल्डवेल यांना हा दोष पुरता ठाऊक होता. त्यांनीच बीआयपी 38 नावाची पद्धत मांडली, तिच्यात घेणारा आपला परवलीचा शब्द आधी ठरवतो आणि नाण्यातली किल्ली त्या शब्दाशिवाय उघडत नाही, म्हणजे बनवणाऱ्यालाही ती वापरता येत नाही. तसं नाणं नसेल तर त्यातले बिटकॉइन तुमचे आहेत असं समजू नका. खरोखर बिटकॉइनच हवे असतील तर किल्ली तुमच्या स्वतःच्या यंत्रावर तयार झालेली हवी. आणि नाण्याची आवड असेल तर रिकामं नाणं नाण्याच्या किमतीत घ्या, त्यात काही वावगं नाही.

घाबरून मी एक नाणं सोललं. आतली किल्ली बरोबर होती, त्याच पत्त्याची. ते सोलणं ही माझी मोठी चूक. सायबर पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न आला: "किल्ली तुमच्याजवळ आहे, तर पैसे तुम्हीच हलवले नाहीत कशावरून?" उरलेली नऊ न सोललेली होती, म्हणून माझं म्हणणं ऐकून घेतलं गेलं. तुमच्यावर ही वेळ आली तर स्टिकरला हात लावू नका. आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा, व्यवहाराचा क्रमांक लिहून घ्या, चॅट आणि यूपीआयच्या पावत्या जपा.

1930 या सायबर हेल्पलाइनला फोन केला, राष्ट्रीय सायबर पोर्टलवर तक्रार नोंदवली. तिथल्या बाईंनी शांतपणे सांगितलं की पैसे गेल्यापासून काही तासांत फोन आला तर पुढच्या खात्यात ते रोखून धरता येतात. माझे रुपये डिसेंबरमध्ये गेलेले, मी मार्चअखेर सांगत होतो. खाती केव्हाच रिकामी झाली होती, आणि ती कमिशनवर वापरायला दिलेली निघाली. शिल्लक तीन महिने दिसत ठेवण्यामागचं गणित मला तेव्हा उमगलं. आमिष जितके दिवस जागेवर, तितका रुपयांचा माग थंड.

ठाण्यात एक जण म्हणाला, "बंदी असलेल्या गोष्टीत पैसे घालता कशाला?" बंदी नाही. बँकांना अशा व्यवहारांपासून रोखणारं रिझर्व्ह बँकेचं 2018 चं परिपत्रक सर्वोच्च न्यायालयाने 4 मार्च 2020 ला रद्द केलं. बिटकॉइन हे आपल्याकडे चलन नाही, पण बाळगणं गुन्हा नाही, आणि त्यात फसवलं तर ती फसवणूकच. हे शांतपणे सांगता आलं पाहिजे, नाहीतर माणूस तिथूनच परत फिरतो. माझा गुन्हा शेवटी भादंवि 420 आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या 66-डी कलमाखाली नोंदला गेला. टीडीएसबद्दल सीएंना खरं ते सांगितलं, त्यांनी ते व्याजासह भरून घेतलं. मला वाटत होतं तेवढं ते भयंकर नव्हतं.

याच काळात 'ब्लॉकचेनवरून', म्हणजे त्या हिशेबाच्या वहीतून, 'पैसे परत आणून देतो' म्हणणाऱ्या एकाला मी 12,000 रुपये दिले. तेही गेले. झालेला व्यवहार उलटवण्याची सोय बिटकॉइनमध्ये नाहीच. तुम्ही फसलात ही बातमी फुटली की असे फोन येणारच, ते उचलू नका.

सगळ्यात मोठा उलगडा जूनमध्ये झाला. एका ग्रुपवर मी माझ्या नाण्यांचे फोटो टाकले होते. बेळगावच्या एका गृहस्थांचा निरोप आला: "चार नंबरच्या नाण्यावरची आठ अक्षरं माझ्याही नाण्यावर आहेत." मला वाटलं त्यांची वाचण्यात चूक होत असेल. पुढच्या आठवड्यात ते रात्रीच्या बसने नाशिकला आले. नाणं हळदीकुंकवाच्या जुन्या करंड्यात, कापसात ठेवलेलं. दोन्ही नाणी टेबलावर शेजारी शेजारी ठेवली आणि मी भिंग पुढे केलं. आठही अक्षरं तीच. कडेजवळ साच्याला गेलेली बारीक चीरही तीच. एकच पत्ता आम्हा दोघांना विकला होता, आणि रोज रात्री एकच शिल्लक आम्ही दोघं आपापल्या घरी आपली म्हणून पाहत होतो. त्यांनी ते नाणं नातवाच्या बारशाला घेतलं होतं.

आमच्या हिने त्यांना जेवायला थांबवलं. दुपारी आम्ही दोघं ठाण्यात गेलो, त्यांचा जबाब नोंदवला. हवालदारांनी दोन्ही नाणी एका पाकिटात घातली, लाख लावली आणि पंचनाम्यात लिहिलं: पितळी नाणी, दोन नग.