डॅलसमधलं ते गोदाम: वर जावं की खालच्या चौकातूनच परतावं?

आई-बाबा मुलांकडे डॅलसला आले की एक शनिवार ठरलेला असतो. ‘केनेडींना गोळी लागली ती जागा’ बघायची. मग घरात चर्चा सुरू होते: तिकीट काढून तिथल्या जुन्या गोदामाच्या सहाव्या मजल्यावरच्या म्युझियममध्ये जायचं, की खालच्या डीली प्लाझा या चौकात फुकट फेरी मारून यायचं? मी दोन्ही केलंय. माझं मत आधीच सांगून टाकतो. हाताशी दोन-अडीच तास असतील तर वर जाच, पण त्यानंतर अर्धा तास खालीही काढा.

आधी इमारतीबद्दल. एल्म आणि ह्यूस्टन रस्त्यांच्या कोपऱ्यावरची ही लाल विटांची सातमजली वास्तू 1901 सालची, नांगर बनवणाऱ्या एका कंपनीसाठी बांधलेली. तिथली आधीची इमारत वीज पडून जळाली होती. (आपल्याकडचा किर्लोस्करांचा लोखंडी नांगरही त्याच दशकातला, म्हणून मला हे गोदाम उगाचच ओळखीचं वाटतं.) आसपासच्या वेस्ट एंड भागात तेव्हा अशीच गोदामं होती, रेल्वेच्या आधाराने वाढलेली. 1963 साली इथे शाळांना पाठ्यपुस्तकं पुरवणारी कंपनी भाड्याने होती आणि केनेडींचा मारेकरी ठरवला गेलेला ली हार्वे ऑस्वाल्ड तिथे ऑर्डरीप्रमाणे पुस्तकं काढून देण्याचं काम करायचा.

वर गेल्यावर सगळ्यात आधी जाणवतं ते गोदामपण. उघड्या विटा, लाकडी खांब, डोक्यावरच्या तुळया. हत्येच्या आठवड्यात सहाव्या मजल्याची जमीन नव्याने घालत होते, म्हणून पुस्तकांची खोकी एका बाजूला सरकवून रचली होती. ऑस्वाल्डने जिथून गोळ्या झाडल्या असं चौकशीत ठरलं, त्या आग्नेय कोपऱ्यातल्या खिडकीभोवती त्यामुळे आयताच आडोसा झाला. तो कोपरा आता काचेआड आहे, आत तशीच खोकी रचून ठेवली आहेत. तिथे उभं राहता येत नाही, पण शेजारच्या खिडकीतून खाली बघा. शेवटची गोळी लागली तेव्हा केनेडींची गाडी या खिडकीपासून जेमतेम 80 मीटरवर होती, असं हत्येची चौकशी करणाऱ्या वॉरन आयोगाने मोजलं. टीव्हीवर पाहून मला ते अंतर खूप मोठं वाटायचं. प्रत्यक्षात खालच्या माणसाच्या हातातली पिशवीसुद्धा दिसते. बाबा त्या खिडकीशी बराच वेळ गप्प उभे होते. 22 नोव्हेंबर 1963 ला ते शाळेत होते.

ऑडिओ गाइड ऐकत बघायला दीड तास सहज लागतो. आईला भरभर इंग्रजी समजत नाही, पण फोटो इतके आहेत की तिचं फारसं अडलं नाही. लिफ्ट आहे, गुडघ्यांना त्रास होतो तो उभं राहण्याचा. एकेकाळी हे गोदाम पाडूनच टाकावं असं डॅलसमध्ये अनेकांना वाटत होतं, शहरावरचा डाग म्हणून. 1977 मध्ये काउंटीने ते विकत घेऊन खालच्या मजल्यांवर कचेऱ्या नेल्या आणि 1989 मध्ये सहावा मजला लोकांसाठी उघडला. नको असलेली आठवण जपायला धीर लागतो, आणि या शहराने तो दाखवला याचं मला फार मोल वाटतं.

खालचा डीली प्लाझा म्हणजे तीन रस्ते एकत्र येऊन रेल्वेपुलाखाली शिरतात तो हिरवा उतार. इथे मुलांना पळता येतं, हवं तेव्हा निघता येतं. गवताच्या टेकाडाजवळचा काँक्रीटचा कट्टा मात्र चुकवू नका. समोरच्याच डाल-टेक्स इमारतीत कपड्यांचा व्यवसाय असलेले अब्राहम झाप्रुडर त्यावर चढून 8 मिलिमीटरच्या कॅमेऱ्याने केनेडींच्या ताफ्याचं चित्रण करत होते. त्यांना उंचीवर गरगरायचं, म्हणून त्यांच्या ऑफिसमधल्या मॅरिलिन सिट्झमन त्यांना मागून धरून उभ्या होत्या. त्या 26 सेकंदांची फिल्म आपण सगळ्यांनी पाहिलेली असते. ती किती अरुंद जागेवरून काढली हे तिथेच कळतं. पण नुसतं खाली फिरून संदर्भ लागत नाही. कटाच्या गोष्टी सांगणारे लोक भेटतात, आणि आधी म्युझियम पाहिलं नसेल तर त्यातलं काय धरावं, काय सोडावं, समजत नाही.

बाकीच्यांचं थोडक्यात. फिलिप जॉन्सन यांनी घडवलेलं केनेडी स्मारक पुढच्याच चौकात आहे: पांढऱ्या भिंतींची, छत नसलेली खोली. काहींना ते अगदी रिकामं वाटतं, मला तिथली शांतता आवडते. दहा मिनिटं पुरतात. 1892 चं ओल्ड रेड कोर्टहाउस बाहेरून बघण्याजोगं. रियुनियन टॉवरवर शहराचा देखावा सुंदर दिसतो, पण त्याच दिवशी कोंबू नका, संध्याकाळी वेगळे जा.

तर सहा-सात वर्षांची मुलं बरोबर असतील तर खालीच थांबा, वरचा विषय त्यांना जड जाईल. आई-बाबा असतील तर वर न्या, मात्र म्युझियमच्या तिकिटावर वेळ ठरलेली असते, ती आधीच ऑनलाइन घ्या. आणि गोळ्या लागल्या त्या जागा दाखवायला एल्म रस्त्यावर रंगवलेल्या फुल्यांवर उभं राहून फोटो काढायला जाऊ नका. गाड्या उतारावरून जोरात येतात. फुटपाथवरूनही त्या फुल्या नीट दिसतात.